अण्णांना सांगितलेली दीर्घिका

अण्णांची वाचा गेली त्या वर्षी माजलगावचं धरण पार तळाला गेलं होतं. आमचं गाव धरणाच्या फुगवट्याच्या काठाला. गावातल्या शेतकऱ्यांनी मिळून फार वर्षांपूर्वी एक सहकारी संस्था काढली होती. धरणातलं पाणी मोटारींनी उचलायचं, पाइपातून टेकाडावरच्या रानात न्यायचं आणि पाळीपाळीनं सगळ्यांना द्यायचं, एवढंच तिचं काम. अण्णा, म्हणजे माझे वडील, तिचे चेरमन. संस्था उभी करताना पहिल्या दिवसापासून त्यांच्याबरोबर असलेल्या मित्राला आम्ही काका म्हणायचो. नात्यातले नव्हते, पण सकाळचा चहा आमच्याच ओसरीवर घ्यायचे आणि आईनं उशीर केला तर तिला हक्कानं ओरडायचे.

दुष्काळाच्या दुसऱ्या वर्षी धरणात उरलेलं पाणी फक्त पिण्यासाठी राखायचा हुकूम आला. अण्णांनी स्वतः जाऊन मोटारींच्या खोलीला कुलूप घातलं. काकांचा ऊस तोपर्यंत कसाबसा जगला होता. आणखी एक पाणी मिळालं असतं तर कारखान्याला गेला असता. मी तेव्हा पुण्यात होते. पुढचं आईनं मला सांगितलं.

काका ओसरीवर आले, पण बसले नाहीत. “एक पाळी दे,” म्हणाले. “चोरून न्हाई मागत. दिवसाढवळ्या दे.”

“कुलूप लावलंय,” अण्णा म्हणाले.

“किल्ली कुणापाशी हाय?”

“माझ्यापाशी. म्हणून तर देता येईना. तुला दिलं की सगळ्यांनाच द्यावं लागंल, मग गाव काय पिईल?”

“सगळ्यांचं सांगू नको बे. मी सगळ्यातला हाय का?”

काका गेले ते सकाळच्या चहालाही यायचे थांबले. त्यांचा ऊस कापून चारा छावणीतल्या जनावरांपुढे टाकला गेला. आमचाही तसाच गेला, पण त्याबद्दल दोन्ही घरांत कुणी चकार शब्द काढला नाही.

त्यानंतर काही आठवड्यांनी अण्णा दुपारी घरी आले, दाराशी टेकले आणि आईला काही सांगायला लागले, तर तोंडातून शब्दच फुटेना. अंबाजोगाईच्या दवाखान्यात नेलं, अर्धांगाचा झटका होता. जीव वाचला. उजवा हात गेला, बोलणं गेलं. राहिला एकच शब्द, “बरं.” पाणी पाहिजे असलं तरी बरं, कूस बदलायची असली तरी बरं, चिडले तरी बरंच.

“तुमचं बोलणं त्यांना समजतं,” डॉक्टर मला म्हणाले, “त्यांना शब्द सापडत नाहीत. बोलत राहा त्यांच्याशी. येईलही हळूहळू.”

मी सुट्टी टाकली आणि लॅपटॉप घेऊन घरी आले. माझं काम दीर्घिकांवरचं. आपली आकाशगंगा जशी अब्जावधी ताऱ्यांची, तशाच बाहेर असंख्य आहेत, त्यांना दीर्घिका म्हणतात. काही दीर्घिकांमध्ये नवे तारे जन्मायचे थांबलेले असतात. तारा घडायला थंड वायू लागतो, तो त्यांच्यात सापडत नाही. तो संपला, की मधल्या कृष्णविवराच्या जवळून सुटणाऱ्या झोतांनी तापून बाहेर फेकला गेला, की अजूनही कुठंतरी विरळ पसरून आहे, यावर जगभर शोध चाललाय. त्यातल्या एका दीर्घिकेचं निरीक्षण आम्ही रेडिओ दुर्बिणीनं केलं होतं आणि त्यात हायड्रोजनची, म्हणजे त्याच थंड वायूची, खूण सापडते का ते मी शोधत होते.

घरी आल्यावर पहिले काही दिवस अण्णांशी काय बोलावं हेच कळेना. पावसाचं काढलं की ते भिंतीकडे तोंड करायचे. संस्थेचं काढलं की डोळ्यांना पाणी. शेवटी एका दुपारी मी लॅपटॉप त्यांच्या खाटेवर ठेवला आणि म्हणाले, “अण्णा, मी पुण्यात काय करते ते सांगू का?”

“बरं,” ते म्हणाले. या वेळी तो शब्द खरंच होकाराचा होता.

मग रोज दुपारी आमची ती बैठक सुरू झाली. तारे कसे जन्मतात ते मी सांगितलं. दुसऱ्या ताऱ्यांभोवतीचे ग्रह कसे ओळखतात, ताऱ्याचा उजेड किंचित मंदावला की समोरून काहीतरी गेलं हे कसं कळतं, तेही सांगितलं. अण्णा डाव्या हातानं पडद्यावरच्या रेषेवर बोट ठेवायचे आणि माझ्याकडे बघायचे. म्हणजे हे काय, असं. मी सांगायचे. आई दारात बसून तांदूळ निवडत ऐकायची.

एक दिवस सांगता सांगता मी वर बघितलं तर दारात काका उभे. हातात टोपी. अण्णांनी त्यांना बघितलं, काकांनी अण्णांना. आईनं लगबगीनं खुर्ची सरकवली.

काका बसले आणि माझ्याकडे वळले. “काय सांगायलीस माय, बापाला?”

मी दीर्घिकेचं सांगितलं. काका लक्ष देऊन ऐकत राहिले.

“मंग तिथले तारे विझले?”

“जुने आहेत अजून. नवे होत नाहीत.”

“कावून?”

“तेच शोधतोय.”

“शोध मंग,” काका म्हणाले आणि उठले. दुसऱ्या दिवशी त्याच वेळेला परत आले. मग रोज यायला लागले. उसाचं, किल्लीचं त्यांनी कधी काढलं नाही. अण्णांशीही थेट बोलायचे नाहीत, मलाच विचारायचे. पण अण्णा दुपार झाली की दाराकडे बघत राहायचे.

उन्हाळा भरात असताना माझ्या आकडेमोडीत ती खूण दिसली. आलेखाच्या रेषेत एक बारीकसा उंचवटा, हायड्रोजन असेल तर जिथं असायला हवा अगदी तिथं. हिशेब पुन्हा तपासला तरी तो होताच. दुपारी मी दोघांना पडदा दाखवला. “हा बघा. वायू आहे तिथं. थोडा आहे, पण आहे.”

अण्णा मोठ्यानं “बरं! बरं!” म्हणाले आणि हसले. आजारपणात मी त्यांना तेव्हाच एकदा हसताना पाहिलं. आणि डाव्या हातानं त्यांनी काकांचं मनगट धरलं. काकांनी हात सोडवला नाही. चहा गार झाला तरी दोघं तसेच बसून होते.

पाऊस यायच्या आधीच अण्णा गेले. दुसरा झटका आला, अंबाजोगाईच्या वाटेवरच सगळं संपलं. काकांनी खांदा दिला.

त्या वर्षी पाऊस झाला, धरणात पाणी आलं. संस्था मात्र पुन्हा उभी राहिली नाही. सभासदांनी आपापल्या वेगळ्या मोटारी बसवल्या.

हिवाळ्यात आम्ही त्याच दीर्घिकेचं निरीक्षण पुन्हा केलं. पृथ्वी सूर्याभोवती फिरताना त्या दीर्घिकेच्या दिशेनं कधी जवळ येते, कधी दूर जाते, त्यामुळे आकाशातून आलेली खरी खूण काही महिन्यांनी आलेखावर किंचित सरकलेली दिसायला हवी. आमची जागची हलली नव्हती. म्हणजे ती त्या दीर्घिकेतून आलीच नव्हती. इथल्याच कुठल्यातरी यंत्राचा, तारेचा गोंगाट होता तो. असं आमच्या कामात होत असतं. सहकाऱ्यांनी दुसऱ्या दीर्घिकेकडे मोर्चा वळवला. मी प्रयोगशाळेच्या जिन्यात जाऊन रडले.

वर्षश्राद्धाला घरी गेले तेव्हा जेवणं झाल्यावर काकांनीच विचारलं, “त्या तुझ्या वायूचं पुढं काय झालं?”

मी सगळं सांगितलं.

“म्हंजी तिथं काईच न्हाई?”

“असलं तरी आम्हाला दिसण्याइतकं नाही.”

काकांनी तोंड फिरवलं. मला वाटलं, त्यांना आमच्या कामाचा राग आला असेल. मग ते म्हणाले, “त्यानं हात धरला तवाच मी बोलाय पायजे व्हतं, चुकलं माझं म्हणून. ओठावर आलतं माझ्या. मी म्हनलं, आज नगं. त्याचं बोलणं येऊ दे. डाक्टर म्हनलेत ना, येतंय म्हणून. मी एकट्यानंच काय बोलायचं, त्यानं चार शिव्या घालाय पायजेत. त्याच्याबिगर ते फिटत न्हाई.”

“त्यांना सगळं कळत होतं भाऊजी,” आई आतून म्हणाली.

“कळत असंल वहिनी. लई कळायचं त्याला. पर मी बोललो न्हाई ना.”

त्यांनी टोपी काढून डोळे पुसले. मी त्यांच्याजवळ सरकून बसले. काकांनी टोपी घातली आणि आता कुठली दीर्घिका बघायलीस, असं विचारलं. मी सांगायला लागले.