आबांनी मागितलेलं पाणी

पाच आठवडे होतील आता. मी शाळेत निघायच्या गडबडीत होते, तेवढ्यात नाशिकच्या हॉस्पिटलमधून ह्यांचा फोन आला. "आबा गेले गं..." एवढंच म्हणाले. आबा म्हणजे माझे सासरे. त्यानंतर आमच्या कळवणच्या घरी जो येईल तो माझं तोंड भरून कौतुक करत होता. सून असावी तर अशी, सासऱ्याचं सगळं हिनं एकटीनं केलं! मी मान खाली घालून ऐकत होते. लोकांना तो विनय वाटला. मला लाज वाटत होती, आणि ती कशाची हे आज सांगून टाकायचं आहे.

आबांचा उभा जन्म कळवण-सुरगाणा रस्त्यावर जीप चालवण्यात गेला. माणूस बोलका. घाटातल्या प्रत्येक वळणाची त्यांच्याकडे एक गोष्ट असायची आणि दर वेळी ती थोडी वाढायची. स्वतःच्या दुखण्याबद्दल मात्र अवाक्षर नाही. मागच्या वर्षी नाशिकला त्यांचं प्रोस्टेटचं ऑपरेशन झालं. पुढच्या तपासणीला दर वेळी यायची गरज नाही, व्हिडिओवर बोलू, असं डॉक्टर म्हणाले तेव्हा मला हायसं वाटलं. लघवीसाठी बस थांबवा म्हणायची आबांना फार लाज वाटायची, ते तरी टळलं.

कॉल शनिवारी दुपारी असायचा. हे बियाण्यांच्या दुकानात, त्यामुळे सगळा कारभार माझा. आबांना खिडकीशी बसवायचं, फोन समोर पुस्तकांना टेकवायचा आणि फाइल घेऊन शेजारी उभं राहायचं. मी मास्तरीण, मला सगळं शिस्तीत लागतं. पहिल्याच वेळी डॉक्टर दिसले आणि आबा म्हणाले, "जरा पाणी आण गं."

"आबा, कॉल चालू आहे. नंतर देते."

डॉक्टरांनी विचारलं, "बाबा, लघवी लाल होते का? जळजळ?"

"नाय नाय. बरं हाय."

पुढच्या वेळी पुन्हा तेच, पाणी आण. तिसऱ्या शनिवारी मी आधीच तांब्या-भांडं भरून त्यांच्या हाताशी ठेवलं. आबांनी भांड्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, दोन घोट घेतले. "बरं हाय, डॉक्टरसाहेब."

कॉल संपला की माझ्या फोनवर प्रश्न यायचा, रुग्ण सल्ल्याबद्दल समाधानी आहे का? मी दर वेळी पाचपैकी पाच तारे दिले. एकदा आबांना विचारलंही होतं.

"तुझं समाधान झालं ना? मग झालं," म्हणाले. ती मला शाबासकी वाटली... काय म्हणावं!

थंडीत एके दिवशी ते मोरीत चक्कर येऊन पडले. फरशी लाल झाली होती. नाशिकला नेलं, तर मूत्राशयात गाठ, तीही पसरलेली. "मी दर वेळी विचारलं होतं," डॉक्टर हळूच म्हणाले. त्यांचं खोटं नव्हतं, फोनचाही दोष नव्हता. मी खाटेपाशी जाऊन आबांवरच चिडले. इतके महिने रक्त जात होतं, एका शब्दानं सांगता आलं नाही?

आबांनी नजर पंख्याकडे वळवली. मग म्हणाले, "तुझ्या देखत कसं सांगू, पोरी? बाहेर जा म्हणावं तर तुला वाईट वाटंल... पाणी मागून पाह्यलं."

त्यांनीच माझ्या हातावर थोपटलं. आधी कळलं असतं तर ते वाचले असते का, हे डॉक्टरही सांगत नाहीत आणि मला विचारायचा धीर होत नाही. ह्यांनाही मी हे अजून सांगितलेलं नाही, ते इथेच वाचतील.

मी लग्न होऊन या घरात आले तेव्हापासून आबा स्वयंपाकघराकडे यायच्या आधी बाहेर थांबून खाकरायचे. सुनेला पदर सावरता यावा, जरा नीट बसता यावं, एवढा वेळ द्यायचे आणि मगच पाऊल टाकायचे. एकोणीस वर्षांत त्यांचं एकदाही चुकलं नाही. मला दहा मिनिटं खोलीबाहेर जाणं सुचलं नाही. त्यांच्या खोलीत आता कुणी नसतं. तरी केर काढायला जाताना मी उंबऱ्याशी थांबते, खाकरते, आणि जरा वेळानं आत जाते.