बंद केलेला दोष

वॉरन स्टॅडनिक विनिपेगमध्ये सॉफ्टवेअर तपासायला शिकवायचा. अकरा वर्षं मी त्याच्याबरोबर काम केलं, म्हणून सांगते, माणूस हुशार होता आणि तितकाच हेकट. त्याचा एक नियम आम्हा सगळ्यांना पाठ होता: जो दोष पुन्हा करून दाखवता येत नाही, तो बंद करून टाकायचा, म्हणजे नोंदीत 'मिटला' असं लिहून सोडून द्यायचा.

सलाइनमधून औषध सोडणारे पंप बनवणाऱ्या एका कंपनीत तो सल्लागार होता. तिथे पंप तपासणाऱ्या मार्लिसला एकदा औषध संपूनही पंपाचा भोंगा ऐकू आला नाही. मग तिने चाळीस वेळा करून पाहिलं आणि दर वेळी तो वाजला.

"आणखी एक दिवस द्या ना, वॉरन."

"भुतं शोधायचा पगार घेतेस का? कर बंद, बाई."

तिने बंद केला. मी शेजारीच होते, मीही गप्प बसले.

मार्चमध्ये एका इस्पितळात पंप मुकाट रिकामा झाला आणि माणूस गेला. कंपनीचा वकील वॉरनला म्हणाला, "पोरीने नीट तपासलं नाही, एवढंच सांगा. नोंदीत तिचंच नाव आहे."

वॉरनने चौकशीत खरं तेच सांगितलं, "ती दिवस मागत होती, मी दिला नाही." त्यानंतर त्याला कुणी शिकवायला बोलावलं नाही.

लोक म्हणतात, केवढं मोठं मन! कसलं डोंबलाचं मोठं मन? माणूस मेला होता. मार्लिसची नोकरी तेवढी वाचली. आता ती एकही दोष बंद करत नाही, काम कधी संपतच नाही, आणि तिच्या शेजारी बसून काम करायला कुणी तयार होत नाही.