सुरूपाशी इंजिन बंद

‘ट्रॉपिकल क्रूझ’ हे शब्द मुलीने फोनवर पहिल्यांदा उच्चारले तेव्हा मी अंगणात सुपारी वाळत घालत होते. ट्रॉपिकल म्हणजे काय, तर म्हणे उष्ण प्रदेशातली. म्हणजे जो घाम आम्ही चौलला घरबसल्या गाळतो, तोच गाळायला मुंबईला जाऊन जहाजात बसायचं. मी हसले. पण पुढचं ऐकलं आणि माझं डोकंच फिरलं. त्या सहलीत पक्षी दाखवणार होते, आणि कुठे, तर दिघीच्या खाडीत.

“अगं, दिघी काय सातासमुद्रापार आहे?” मी ओरडले. “मुरूडवरून आगरदांड्याला गेलं, फेरीत बसलं की दिघी!”

“आई, बाबांना आता एसटीचे धक्के सोसत नाहीत. आणि ते गरुडाचं घरटं पाण्यातूनच दिसतं ना? मी बुकिंग केलंय.”

बुकिंग केलंय म्हटल्यावर आईबापाने गप्प बसायचं असतं.

मी गप्प बसले ते ह्यांच्यासाठी. आमचे हे एसटीत ड्रायव्हर होते. आगरदांड्याला गाडी लागली की बाकीचे ड्रायव्हर चहाला जात, हे दुर्बीण घेऊन जेट्टीवर जात. खाडीच्या काठाला सुरूची उंच झाडं आहेत, त्यातल्या एकावर समुद्री गरुडाची जोडी वर्षानुवर्षं घरटं करते. जेट्टीवरून ती उडताना दिसते, घरट्यात बसलेली दिसत नाही. नोकरीत असताना ह्यांनी त्या जोडीची जितकी चौकशी केली तितकी माझ्या माहेरच्यांची कधी केली नाही. आता डोळ्यांच्या पडद्याला आजार झालाय. समोरचं मधोमध काळं दिसतं, कडेचं तेवढं दिसतं, म्हणून कोंबडीसारखी मान तिरकी करून बघतात. डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं होतं, जे बघायचं राहिलंय ते लवकर बघून घ्या. माझ्या मनात आलं, आता हे काशी म्हणतील, नाहीतर मुलीचं नवं घर. तर म्हणाले, “घरट्यावर बसलेली मादी एकदा बघायचीय.”

अशा माणसाला काय म्हणायचं? पण शेवटी मीच बॅगा भरल्या.

जहाजाचं वर्णन मी करणार नाही. एवढंच सांगते की तिथे सकाळी सातलाही गाणी लावतात आणि समुद्र बघायचा म्हटला तर आधी दोन दुकानं ओलांडावी लागतात. पहिल्या संध्याकाळी ‘पक्षीनिरीक्षण’ म्हणून सगळ्यांना वरच्या डेकवर बोलावलं आणि हातात गाठियाची एकेक पुडी दिली. जहाजामागून कुरव पक्षी उडत येत होते, त्यांना गाठिया फेकायचा आणि ते झेलताना फोटो काढायचा. हे झालं निरीक्षण! मासे खाणाऱ्या पाखराला बेसन आणि खायचा सोडा. ह्यांनी पुडी घेतली, दुमडली आणि खिशात घातली. शेजारच्या बाईंनी विचारलं, “काका, तुम्ही नाही फेकत?” हे म्हणाले, “त्यांना पचत नाही.” बाई हसून म्हणाल्या, “खातायत तर आवडीने!” मी म्हटलं, “आमचा नातूही साबण आवडीने खायचा.” त्यानंतर त्या माझ्याशी बोलल्या नाहीत, ते बरंच झालं.

दुसऱ्या दिवशी सकाळी जहाज खाडीच्या बाहेर उभं राहिलं आणि आम्हा वीसेक जणांना दिघीच्या एका मच्छीमाराच्या होडीत उतरवलं. बरोबर जहाजाचा गाईड होता. तरुण, गोड बोलणारा, गळ्यात भलामोठा कॅमेरा आणि कमरेला एक डबीएवढा स्पीकर. होडीवाल्याने ह्यांना बघितलं आणि तोंडावर हातच ठेवला.

“काका, तुमी? एसटी सोरून ह्या जहाजातून?”

“मुलीने पाठवलं रे. बसलीय का?”

“बसली हाय. पिल्लू बी निगालंय नुकतंच. पिसं न्हायती अजून.”

ह्यांचा चेहरा असा उजळला की माझा निम्मा राग तिथेच उतरला. मी ह्यांना पुढच्या टोकाला बसवलं, उजवीकडे, म्हणजे मान तिरकी केली की झाड बरोबर दिसेल. दुर्बीण पुसून हातात दिली.

आता त्या खाडीतली रीत सांगायला हवी. घरट्यावर गरुड बसले की त्या सुरूंजवळून जाताना कुठलीच होडी इंजिन चालू ठेवत नाही. दुरूनच बंद करतात, वल्ही मारत, न बोलता पुढे जातात, वळणापलीकडे पुन्हा चालू करतात. कुणी सांगितलेलं नाही, पाटी लावलेली नाही. गरुड जिथे झेप घेतो तिथे मासळी असते, म्हणून त्याचा मान ठेवायचा, इतकंच. तशी आमच्या होडीवाल्यानेही इंजिन बंद केलं आणि वल्हं उचललं. सगळं शांत झालं. ह्यांनी दुर्बीण डोळ्यांना लावली.

आणि गाईड उठून उभा राहिला. “सॉरी गाईज, जरा टेक्निकल प्रॉब्लेम झालाय. दोन मिनिटांत इंजिन चालू होईल.”

मी कपाळावर हात मारला. होडीवाला म्हणाला, “प्रॉब्लेम न्हाय, सायब. हितं बंदच करतान.” गाईडने मान डोलावली, ऐकलं काही नाही. “तोपर्यंत आपण मॅडमना बोलावूया,” म्हणाला आणि कमरेचा स्पीकर दाबला.

त्यातून गरुडाची आरोळी निघाली. खरी, रेकॉर्ड केलेली, मोठ्या आवाजात.

“बंद करा ते!” हे ओरडले. चाळीस वर्षांच्या संसारात ह्यांचा इतका मोठा आवाज मी ऐकला नव्हता.

“काका, रिलॅक्स. आपल्यालाच नीट दिसणारे.”

दुसरा गरुड आपल्या घरट्यावर चालून आला असं त्या मादीला वाटलं असणार. ती पंख पसरून सुटली ती थेट आमच्या डोक्यावर, चोच उघडून किंचाळत. होडीतल्या लोकांनी टाळ्या वाजवल्या. टाळ्या! बाळंतिणीच्या खोलीत घुसून टाळ्या वाजवाव्यात तशा. कॅमेरे खटाखट चालले. ह्यांची मान इकडून तिकडे फिरत होती, पण उडतं पाखरू ह्यांना आता सापडत नाही. सापडलंच नाही.

मग हे होडीवाल्याला म्हणाले, “फिरव होडी.”

“अहो, असं काय करता?” मी म्हटलं. “थोडं थांबू. येईल ती परत, बसेल. त्यासाठीच तर आलो ना?”

“आपण इथे आहोत तोवर ती बसायची नाही. ऊन बघ. ते पिल्लू उघडं पडलंय.”

लोक कुरकुरायला लागले. कुणाचा फोटो हलला होता, कुणाला व्हिडिओ हवा होता. गाईड म्हणाला, अजून वीस मिनिटं आपली आहेत, मी तक्रार करीन. होडीवाल्याने वल्हं पाण्यात घातलं. “करा. होरी माजी हाय.”

मी सगळ्यांवर चिडले. गाईडवर, टाळ्या वाजवणाऱ्यांवर, बुकिंग करणाऱ्या मुलीवर. आणि खरं सांगायचं तर ह्यांच्यावर सगळ्यात जास्त. एकच गोष्ट मागितली होती ह्या माणसाने, आणि ती हाताशी आली तर पाठ फिरवून बसला. परतताना दुर्बीण माझ्या मांडीवर ठेवली ती नंतर मागितलीही नाही.

पंधरा दिवसांनी जहाजवाल्यांचं पाकीट आलं. ‘आनंदी क्षणांची आठवण’ म्हणून एक मोठा चकचकीत फोटो होता. तीच मादी, पंख पसरलेली, अगदी जवळून. हे तो घेऊन खिडकीपाशी गेले, डोळ्याला टेकवून, मान तिरकी करून बघत राहिले. पाखरू हलत नव्हतं, त्यामुळे सापडलं. पांढरं पोट, राखाडी पंख, नखं, सगळं बोटाने दाखवत मला सांगत होते. मला रडूच आलं. मी मुलीला फोन केला. ती म्हणाली, आई, फ्रेम करून घे, बाबांच्या खुर्चीसमोर लाव. मलाही पटलं. मी खिळा शोधायला लागले.

“चोच उघडी आहे ना?” ह्यांनी विचारलं.

“हो.”

“त्याला फोन लाव.”

मी होडीवाल्याला फोन लावला आणि स्पीकरवर टाकला. “बसली हाय, काकी,” तो म्हणाला. “त्या दिशी लय येल वर फिरत व्हती. मंग आली. पिल्लाला पिसं फुटल्यान आता.”

ह्यांनी मान हलवली. मग तो फोटो मधोमध फाडला, परत फाडला.

“अहो! तेवढंच तर दिसत होतं तुम्हाला!”

“मला बसलेली बघायची होती,” हे म्हणाले आणि तुकडे माझ्या हातात दिले.

मी ते न्हाणीच्या चुलीत घातले. चकचकीत कागद होता, मेला धड पेटेचना.