दादा, सोड रे

पंचवटीच्या भाजीबाजाराच्या तोंडाशी केरूचं स्टो दुरुस्तीचं खोपटं होतं. पण माणसं त्याच्याकडे स्टोपेक्षा निवाड्यालाच जास्त यायची. कुणी मापात मारलं, कुणाच्या सासू-सुनेचं जुंपलं, की केरू स्टोची पिन दातात धरून निकाल द्यायचा आणि लोक ऐकायचे. माणूस आगाऊ, पण मनाने वाईट नव्हता. वाईट असता तर हे सांगायला मला इतकं जड गेलं नसतं.

साल अठ्ठ्याहत्तर. द्राक्षांच्या कामाला पेठ तालुक्याकडची माणसं नाशकात उतरायची. त्यांच्यातली भागी नावाची एक तरणी पोर भर दुपारी बाजारातून ओढत नेली जात होती. ओढणारा चांगला धिप्पाड, पायात बूट. ती पाय रोवून एवढंच ओरडत होती, "दादा, सोड रे! दादा, सोड!"

भाजीवाल्या उठल्या. हमालांनी पाट्या खाली ठेवल्या. दोघं-तिघं पुढे सरसावलेसुद्धा. तेवढ्यात केरूने हात वर केला. "आरं, दादा म्हनती ना? भाऊ हाय तिचा. घरचं भांडण हाय, आपण कशाला मधी पडायचं?"

झालं! बाजार जणू याच वाक्याची वाट बघत होता. पाट्या पुन्हा डोक्यावर चढल्या, मेथीवर पाणी शिंपडलं गेलं. मला केरूचा राग येतो, पण त्याहून जास्त त्या भरल्या बाजाराचा येतो. एसटीच्या कंडक्टरला दादा म्हणणाऱ्या, रॉकेलवाल्याला दादा म्हणणाऱ्या बाया त्या. त्यांना कळलं नसेल? कळलं असणारच. मी तेव्हा गावाला होतो हे माझं नशीब, नाहीतर मीही मेथीच निवडत बसलो असतो.

चार-आठ दिवसांनी भागीची आई अक्काबाई विचारत विचारत खोपटापाशी आली.

"दादा, माझी पोर दिसली का रं कुठं?"

"तिचा भाऊ घेऊन गेला ना, मावशी," केरू म्हणाला.

"तिला भाऊ नाय रं. एकलीच हाय ती मला."

केरूच्या दातातली पिन खाली पडली. तो तिच्याबरोबर पोलिसांत गेला, सिन्नर, घोटी, जिथे कुणी काही सांगेल तिथे हिंडला. भागी सापडली नाही. शेवटपर्यंत नाही.

खोपटं चालू राहिलं, निवाडे बंद झाले. बाजारात आरडाओरडा झाला की केरू दारावरचं गोणपाट खाली सोडून आत बसायचा. म्हणजे एवढं होऊन माणूस शिकला काय, तर गप्प बसायला! याचीच मला सगळ्यात जास्त चीड येते.

या गोष्टीला आता दहा वर्षं होत आली. द्राक्षांच्या दिवसांत अक्काबाई अजून येते. तिला नीट दिसत नाही. चाचपडत खोपटापुढे उभी राहते आणि त्या गोणपाटाला हाक मारते, "दादा, हाएस का रं?"

आतून स्टोला पंप मारल्याचा आवाज येत असतो. केरू ओ देत नाही.