बियाण्याच्या पोत्याखालचा करगा

योगेश्वरीचा एम.एस्सी.च्या पहिल्या सेमिस्टरचा निकाल परवा लागला. पास झाली. म्हणाली, "बाई, पूर्ण सेमिस्टर आठवाले बसली तर वर्ग कमी अन् मारच जास्त आठवते." मी तिची मोठी जाऊ, शामकला. त्यातला सगळ्यात मोठा मार तिला माझ्या तोंडामुळे पडला, म्हणून लिहून ठेवते.

लग्न ठरताना सासूबाई सगळ्यांसमोर म्हणाल्या होत्या, शिकू देऊ. ऑगस्टमध्ये योगेश्वरी दवनीवाड्याहून गोंदियाला एसटीनं जाऊ लागली आणि आठच दिवसांत तिच्या नवऱ्यानं, म्हणजे मला भौजी म्हणणाऱ्या माझ्या दिरानं, टिकेशनं, तिची वही चुलीत घातली.

"कॉलेजात कोणासंग बोलून राहतेस?"

"सरासंग. गवताबद्दल. त्याची नावं तुमच्या तोंडाले यायची नाहीत."

मला हसू आलं. तिला थप्पड बसली.

प्रॅक्टिकलसाठी धानाच्या बांधीतलं, म्हणजे शेतातलं, तीस प्रकारचं गवत वाळवून, कागदावर लावून न्यायचं होतं. ते नसेल तर परीक्षेला बसू देत नव्हते. पोरीनं कापणीच्या आधी चिखलात उतरून सावा, माका, लव्हाळा, सगळं गोळा केलं. वर्तमानपत्रात दाबून ठेवायला वजन पाहिजे. घरात सगळ्यात जड काय, तर बियाण्याच्या धानाची पोती. तिनं सगळा गठ्ठा त्याखाली सारला.

एक दिवस झाडताना मला त्या गठ्ठ्यात करग्याची लोंबी दिसली. करगा म्हणजे रानटी धान, अगदी धानासारखाच वाढतो, लोंबी निसवेपर्यंत ओळखू येत नाही. दाणा पिकायच्या आधीच गळतो आणि पुढच्या साली अर्धी बांधी त्याचीच होते. आमच्याकडे बियाण्याजवळ करगा ठेवणं म्हणजे घरात साप पाळणं. मी घाबरले आणि सासूबाईंना सांगितलं. वाटलं, काढून फेकतील.

त्यांनी टिकेशला हाक मारली.

"पाह्य, तुह्या बायकोनं बियाण्यात करगा आणला. अरे, हे पोरगीच करगा हाय! धानासारखी दिसली म्हणून आणली, फुलल्यावर समजलं."

टिकेशनं बैल हाकायची काठी, तुतारी, उचलली. योगेश्वरी कागदांवर पालथी पडली. पाठीवर मारलं, उठली नाही. कमरेत लाथ घातली, उठली नाही. मग त्यानं कागदावरच्या हातावर मारलं. वाळली काटकी मोडावी तसा आवाज आला. उजवं मनगट. तरी डाव्या हातानं ती कागद ओढतच होती. त्यानं गठ्ठा अंगणात फेकला, बुटानं तुडवला. करग्याची लोंबी सासूबाईंनी कागदासकट चुलीत घातली.

मी देवघरासमोर उभी होते. गडकालिकेला हात जोडून. मालक वारल्यापासून या घरात माझी एकच खोली, तीही सासू-दिराच्या मर्जीवर. पण खरं सांगते, ते हात मोकळे असते तर तुतारी धरता आली असती.

दवाखान्यात डॉक्टरनं विचारलं तेव्हा टिकेश म्हणाला, पडली. योगेश्वरीनंही तेच सांगितलं. परत येताना मला म्हणाली, "परवा प्रॅक्टिकल हाय, बाई. संपलं."

"काय संपलं? सुईदोरा हाय माह्याजवळ."

अंगणातून वेचलेले तुकडे मी खोलीत दार लावून नव्या कागदावर शिवले. देठाला एक टाका, पानाला एक, गोधडीला घालतो तसे. ती डाव्या हातानं नाव लिहायची, अक्षर पहिलीतल्या पोरासारखं. एकोणतीस झाले. करगा नव्हता. दुसऱ्या दिवशी सकाळी, कापणी झालेल्या बांधीच्या कोपऱ्यात, पाणी जिरलेल्या जागी एक वाळकी लोंबी सापडली. ती मी आणून कागदावर शिवली आणि देवीच्या फोटोमागे लपवली. तिथं कोणी हात घालत नाही.

प्रॅक्टिकलच्या दिवशी मी चाऱ्याला जाते असं सांगून विळा घेऊन निघाले आणि तिला एसटीत बसवायला स्टँडवर गेले. तिथं गठ्ठा घेऊन ती उभी होती, गळ्यात प्लास्टरचा हात. टिकेश गाडीवरून आला, उतरला आणि तिच्या केसांना धरून ओढत निघाला. ती गुडघ्यांवर घसटत गेली. पानठेल्यावर चार माणसं होती. "घरचं भांडण हाय," म्हणाले आणि बघत राहिले.

मी विळा चालवला. इतकी वर्षं धान कापलंय, हाताला अंदाज असतो. त्याचा दंड कोपरापासून वरपर्यंत उघडला. आधी पांढरं दिसलं, मग रक्त.

"भौजी, तू?"

"सोड तिले. दुसरा मानेवर पडते."

त्यानं सोडलं. मी तिला उठवलं, गठ्ठा उचलला. एसटी आली. कंडक्टरनं माझ्या लुगड्यावरचं रक्त पाहिलं आणि तिकीट दिलं.

सरांनी एकेक कागद उलटून पाहिला. करग्याजवळ थांबले. "टाके कोणाचे?"

"माह्या जावेचे."

"बरे घातलेत," एवढंच म्हणाले आणि सही केली.

कॉलेजातून आम्ही सरळ पोलीस ठाण्यात गेलो. तिनं या वेळी पडली म्हटलं नाही. मीही काही लपवलं नाही, विळासुद्धा टेबलावर ठेवला. टिकेशला अकरा टाके पडले. त्याच्यावर केस आहे, माझ्यावरही आहे. त्या घरी मी परत गेले नाही. सासूबाईंनी माझी पेटी बाहेर काढली, पण देवीचा फोटो आत ठेवला. पेपर तिनं लेखनिक घेऊन दिले.

आता आम्ही दोघी गोंदियाजवळ मुर्रीला एका खोलीत राहतो. भिंतीवर देवीचा नवा फोटो आहे. सांजवात करते, पण पाप लागलं का ते देवीला विचारत नाही. ते कोर्टाच्या तारखेला जजसाहेब सांगतील. टिकेशचा तो आवाज मात्र, "भौजी, तू?", अजून कानात येतो.

दुसऱ्या सेमिस्टरला उन्हाळी धानातलं गवत पाहिजे. पुढच्या आठवड्यात इटियाडोह धरणाकडे जाणार आहोत, तिथं कालव्याचं पाणी असतं.

"बाई, नवा विळा घ्या," काल ती म्हणाली.

मी तिच्याकडे पाहिलं.

"गवतासाठीच म्हणून राहिली, बाई."