बोरीखालची चारोळी

रायपूरच्या मराठी बंधुभगिनींनो, आपलं सगळ्यांचं एक दुखणं आहे आणि आपण ते एकमेकांपासून लपवतो. आपण लावलेली झाडं जगत नाहीत. दर पावसाळ्यात आपण माळ साफ करतो, खड्डे खणतो, रोपाला हात लावून फोटो काढतो. वैशाखात तिथं लोखंडी पिंजरा उरतो आणि पिंजऱ्यात काहीच नसतं. मग आपण उन्हाला बोल लावतो, बकऱ्यांना लावतो. खरा दोष आपल्या हातातल्या विळ्याचा आहे, हे आपल्याला ज्यांनी दाखवलं त्या डॉ. इंदुताई ढोके आज पंचाहत्तर वर्षांच्या होत आहेत.

त्यांची माझी पहिली भेट अशाच एका वृक्षारोपणात झाली. तेलीबांध्याहून नव्या रायपूरकडे जाणाऱ्या रस्त्यालगत आपल्या मंडळाचा कार्यक्रम होता. मी हिरव्या भविष्यावर बोलत होतो आणि माझ्या पाठीमागे कार्यकर्ते बोरीची झुडपं तोडत होते. एवढ्यात छत्री घेतलेल्या एक बाई एका झुडपासमोर येऊन उभ्या राहिल्या.

"ताई, बाजूला व्हा, काटे लागतील," एक कार्यकर्ता म्हणाला.

"मलेच लागतील ना? तू काहून घाबरून राहिला?" मग माझ्याकडे वळून त्या म्हणाल्या, "भाषण झालं असन तर इकडं या, भाऊ."

छत्रीच्या टोकानं त्यांनी काटेरी फांदी उचलली. आत चारोळीचं वीतभर रोप होतं, पानं टवटवीत.

"हे कोणी लावलं?" मी विचारलं.

"पाखरानं. पाणी नाही घातलं, भाषण नाही केलं. तरी आहे."

त्या दिवशी ते झुडूप वाचलं आणि मला गुरू मिळाल्या.

इंदुताईंचे वडील भंडाऱ्याकडून रेल्वेच्या नोकरीवर इथं आले. इंदुताईंनी इथल्याच एका महाविद्यालयात वनस्पतिशास्त्र शिकवलं आणि महाविद्यालयाच्या शहराबाहेरच्या माळावर आयुष्यभर एकच प्रश्न विचारला: कोरड्या माळावर नवं रोप मूळ धरतं तेव्हा शेजारचं गवत, शेजारचं झुडूप त्याला तारतं की मारतं? प्रश्न साधा वाटतो. पण आपली जंगलं पुन्हा उभी राहणार की नाही, हे त्याच्या उत्तरावर ठरतं.

सुरुवातीला इंदुताई गवताला रोपाचा वैरी मानत आणि तसंच शिकवत. एका वर्षी त्यांनी माळावरच्या निम्म्या रोपांभोवतालचं गवत आणि झुडपं काढून टाकली. पावसाळ्यात ती मोकळी रोपं भराभर वाढली. वर्ग खूश झाला. उन्हाळ्यात त्यातली बहुतेक करपली, उरलेली बकऱ्यांनी खाल्ली. बोरीच्या आडोशाला खुरटलेली मात्र जिवंत राहिली. इंदुताईंनी नव्या वर्गासमोर सरळ सांगितलं, "मागच्या पोरायले मी अर्धंच शिकवलं. शेजारी पावसाळ्यात पाणी चोरते, उन्हाळ्यात जीव वाचवते. तुम्ही कोणत्या महिन्यात विचारून राहिले, त्यावर उत्तर आहे." विद्वान माणसं स्वतःचं मत जपण्यासाठी काय काय करतात ते मी पाहिलं आहे. म्हणून हा प्रसंग मला त्यांच्या सगळ्या पदव्यांपेक्षा मोठा वाटतो.

मी व्यासपीठावरचा माणूस. मला यात लगेच दृष्टांत दिसला. बोर म्हणजे समाज, रोप म्हणजे परमुलखात आलेला आपला मराठी माणूस, असं एका सभेत मी रंगवून सांगितलं. टाळ्या पडल्या. खाली उतरल्यावर इंदुताई म्हणाल्या, "झाडाले शेजारधर्म नसते, भाऊ. ते बोर आपलं आपलं जगून राहिलं. त्याले संत नका बनवू, नाही तर उद्या त्याचंही देऊळ बांधान." तेव्हापासून मी तो दृष्टांत सोडला आहे.

स्वतः इंदुताई मात्र शेजारधर्म पाळत आल्या आहेत, आणि तो कुणाला कळू न देता. वसतिगृहात जागा नाही म्हणून गावी परत निघालेल्या एका विद्यार्थिनीला त्यांनी ब्राह्मणपाऱ्यातल्या आपल्या घरी ठेवून घेतलं. तिला संकोच वाटू नये म्हणून सांगितलं, "मले संध्याकाळी डोळ्यानं दिसत नाही, तू वाचून दाखवत जा." डोळे उत्तम होते. आज ती मुलगी प्राध्यापिका आहे आणि अजूनही फोनवर हिंदीतच भांडते, "दीदी, आपने मुझे बुद्धू बनाया था." इंदुताईंचं उत्तर ठरलेलं असतं, "हव, बनवलं. मग?"

आता या वर्षीची गोष्ट. आपल्या गौरव समितीनं प्रेमापोटी ठरवलं की इंदुताईंच्या माळाचं उद्यान करायचं. महाविद्यालयानंही होकार दिला. झुडपं काढायची, गुलमोहर लावायचे, बाकं ठेवायची आणि समारंभाच्या दिवशी त्यांना अचानक नेऊन दाखवायचं. हेतूत खोट नव्हती. पण ज्यांनी इतकी वर्षं 'साफ करू नका' म्हणून सांगितलं, त्यांचा सत्कार साफसफाईनं करायची कल्पना आपल्यालाच सुचू शकते.

मला हे कळलं तेव्हा मी सदर बाजारात मानचिन्हाच्या दुकानात उभा होतो. समितीच्या एका सदस्यानं उत्साहानं सांगितलं की आज सकाळीच ठेकेदाराची माणसं माळावर गेली. त्यांचं जन्मभराचं काम त्या झुडपांखाली होतं. मी इंदुताईंना फोन करून सगळं सांगितलं. त्या एवढंच म्हणाल्या, "गाडी घेऊन या."

माळाच्या कोपऱ्यावर पोहोचलो तर मजुरांची गाडी तिरकी उभी आणि ठेकेदार चाकापाशी उकिडवा बसलेला.

"क्या हुआ, भैया?" मी विचारलं.

"आगे के दोनों टायर पंचर, साहब. एक कोना साफ किया, गाड़ी आगे बढ़ाई तो बबूल का काँटा घुस गया. ऐसी जगह कौन बगीचा बनाता है?"

इंदुताईंनी नजर पुढे नेली. एक कोपरा उजाड झाला होता. त्याच्या पलीकडे सगळा माळ जसाच्या तसा उभा होता, काटेरी, अस्ताव्यस्त, भरलेला. त्या खाली बसल्या आणि हसू लागल्या. हसता हसता त्यांनी डोळे पुसले. मी इतका हलका आयुष्यात क्वचित झालो असेन.

मग त्या उठून उजाड कोपऱ्यात गेल्या. तिथली चारोळीची काही रोपं तुडवली गेली होती, पण बरीच जिवंत होती, उघडी पडलेली. तोडलेल्या बोरीची एक फांदी ओढून त्यांनी एका रोपावर ठेवली आणि थांबल्या.

"भाऊ, मेलेली फांदी सावली देते, पण पाणी पीत नाही. जित्या बोरीखालची रोपं तिकडं आहेत, मेल्या फांदीखालची इकडं राहतील. कोण जास्त वाढते ते दिसन. हे मले कधीचं पाहायचं होतं, पण बोरी तोडायले हात धजत नव्हता." ठेकेदाराकडे वळून म्हणाल्या, "भैया, बढ़िया काम किया. अब मत करना."

समितीनं त्याच संध्याकाळी उद्यानाचा बेत रद्द केला. माळ माळच राहणार आहे.

इंदुताई, तुम्हाला निरोगी, दीर्घ आयुष्य मिळो. त्या कोपऱ्यातली रोपं फळाला यायला वर्षं लागतील, आणि ती चारोळी तुमच्या हातून खायचा हट्ट आम्ही सोडणार नाही.

आणि मित्रहो, तुम्हाला एकच सांगणं. उन्हाळा दारात उभा आहे. तोडलेल्या बोरींचा ढीग अजून माळाच्या रस्त्याकडेला पडून आहे आणि त्या कोपऱ्यातली बरीच रोपं अजून उघडी आहेत. आज समारंभ संपला की घरी जाऊ नका. माळावर चला, त्या ढिगातली एक फांदी उचला आणि इंदुताई दाखवतील त्या रोपावर ठेवा.