पाहुण्याचा पेटा

नेलिमाच्या घरात उंदीर टिकत नव्हते. टिकणार कसे? त्यांच्या आधी तिची भाची नाखुमिचा पोचायची.

नेलिमा बाजाराच्या कडेला शेंगदाणे भाजून विकायची. लग्न एकदा करून पाहिलं, जमलं नाही, परत आली. बहीण वारली तेव्हा तिची ही सात वर्षांची पोर नेलिमाने घरी आणली. एल्डोरेट शहरातल्या भाड्याच्या खोलीत बहीण अंथरुणाला खिळली होती, तेव्हा चूल पेटली तर पेटली. पोरगी शेजाऱ्यांच्या भांड्यांचे आवाज ऐकत झोपायची.

आता सकाळचा चहा घशाखाली उतरायच्या आत तिचा प्रश्न यायचा, "माय, रात्री काय?" दप्तरात रताळी, चादरीच्या घडीत मक्याच्या पिठाच्या घट्ट उगालीचे गोळे.

"पोरगी आहे का गोदाम?" शेजारची रूथ म्हणायची. "कपाटाला कुलूप घाल की गं."

नेलिमाने घातलं. तर पोरीने कोंबड्यांपुढचे दाणेसुद्धा खिशात भरले. मग नेलिमाने कुलूप काढलं, अंथरुणाशी शेंगदाण्यांची वाटी ठेवली आणि सांगितलं, "ही तुझी. संपली की मी भरणार. मागायचं नाही, लपवायचं नाही." त्या दिवसापासून पोरगी गाढ झोपू लागली. लपवणं तेवढं सुटलं नाही.

अशात निरोप आला, थोरले बाबा वेपुखुलु येतायत. पोरीच्या बापाचे वडीलभाऊ. बाप मोंबासाला गेला तो गेलाच. पण आमच्या बुकुसु लोकांत लेकरू बापाच्या कुळाचं. म्हाताऱ्याला इथलं काही खटकलं, तर तो पोरीला घेऊन जाणार.

नेलिमाने कोंबडा कापला. आता पाहुण्याला कोंबडा वाढायचा आणि कोंबड्याच्या पोटातला पेटा, ती दाणे दळणारी मांसल पिशवी, वाढायची नाही, म्हणजे पाहुण्याच्या तोंडावर दार आपटणं. तो मान मोठ्या पुरुषाचा. बायकांनी नुसता वास घ्यायचा. नेलिमाने पेटा शिजवून वेगळा बशीत काढला आणि पाणी आणायला गेली. तिथेच चुकली. परत येते तर बशी चाटूनपुसून रिकामी, आणि पाहुणा दारात.

वेपुखुलुंनी हात धुतले. रश्श्यात बोटं फिरवली. परत फिरवली.

"नेलिमा, तुमच्याकडचे कोंबडे पेट्याविनाच जन्माला येतात का गं?"

नेलिमाने पोरीकडे पाहिलं. पोरगी जमिनीकडे बघत होती. तिचं नाव सांगावं तर चोरटी ठरणार, नाहीतर उपाशी ठेवलेली.

"मी खाल्ला, भाऊ."

"बाईमाणसाने? पाहुण्याचा?"

"शिजलाय का बघत होते... बघता बघता गेला."

"मग उद्या माझा कोटही शिजलाय का बघशील!" म्हाताऱ्याने काठी उचलली. "जी पाहुण्याचं खाते, ती पोरक्या पोरीपुढे काय ठेवत असेल? बांध तिचे कपडे."

नाखुमिचा आत पळाली आणि मूठ मिटून बाहेर आली.

"मायने नाही खाल्ला."

मूठ उघडली. आत पेटा, अख्खा. त्याला चादरीचे धागे चिकटलेले, पण दाताची खूण नाही.

"कशाला ठेवलास?" म्हाताऱ्याने विचारलं.

"तुम्ही मला नेणार होता ना? वाटेत खायला." जरा थांबून ती म्हणाली, "आणि तिकडे जेवण असतं का, ते माहीत नव्हतं."

नेलिमा बघतच राहिली. या पोरीने आजवर लपवलेलं अर्धं रताळंसुद्धा आपणहून बाहेर काढलं नव्हतं.

वेपुखुलुंनी पेटा घेतला, एकेक धागा वेचून काढला आणि चावून चावून खाल्ला.

"मीठ कमी आहे," ते म्हणाले. "आणि नेलिमा, तुला खोटं बोलता येत नाही. माझी बायको झोपेत याहून बरं बोलते."

"चुकलं, भाऊ."

"चुकलं तर चुकलं." त्यांनी काठी परत भिंतीला टेकवली. "कपडे राहू दे. पोर इथे बरी आहे. कापणी झाली की बघून जाईन. तेव्हा पेटा ताटात वाढ, चादरीत नको."

पोरगी पुढे सरकली. "थोरले बाबा, कापणीला येताना काय आणाल?"

नेलिमाने कपाळावर हात मारला आणि वाटी भरायला उठली.